पुनरावृत्त वर्तन, ऑटिझम आणि जेम्स बॉडफिश यांचे संशोधन : घरात आणि शाळेत याचा उपयोग कसा करावा?

तळ्याकाठची

नमस्कार. माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. आम्ही कोल्हापुरात रंकाळ्याजवळ राहतो आणि तो जवळच्याच शाळेत जातो. गेल्या महिन्यात त्याच्या वहीत बाईंचा शेरा आला : 'सतत हात फडफडवतो, डब्याचे झाकण फिरवत बसतो, बाकीच्या मुलांचे लक्ष विचलित होते, घरी ही सवय मोडावी.'

त्या झाकणाबद्दल थोडे सांगते. स्टीलच्या डब्याचे झाकण तो शहाबादी फरशीवर काठावर उभे करून गरकन फिरवतो, गाल जवळजवळ फरशीला टेकवतो आणि कडेवर पळणारी उजेडाची रेघ पाहत राहतो. झाकण कलंडायला लागले की त्याचा आवाज जलद आणि बारीक होत जातो, आणि ते पूर्ण आडवे होण्याच्या क्षणी तो त्यावर एक बोट ठेवून आवाज थांबवतो. मग पुन्हा पहिल्यापासून. याला 'सवय' म्हणावे का, आणि ती मोडायची म्हणजे नेमके काय मोडायचे, हे मला समजेना.

मी मानसशास्त्रात एम. ए. केले आहे, पण नोकरी त्या क्षेत्रात नाही. शेऱ्याच्या निमित्ताने या विषयावरचे संशोधन वाचायला घेतले आणि अमेरिकेतील संशोधक जेम्स बॉडफिश यांच्या कामापाशी थांबले. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांचे वर्णन केले, त्यांच्यात त्यांना दोन गोष्टी ठळक दिसल्या होत्या : एकटेपणाकडे ओढ आणि सगळे जसेच्या तसे राहावे हा आग्रह. पुढच्या काळात पहिल्या गोष्टीवर, म्हणजे सामाजिक संवादावर, पुष्कळ लिहिले गेले. दुसरी मात्र मागे राहिली. बॉडफिश, मार्क लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मागे राहिलेली बाजू हाती घेतली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचे म्हणणे असे, की पुनरावृत्त वर्तन ही एकच गोष्ट नाही, त्याचे प्रकार आहेत आणि ते वेगवेगळे मोजले पाहिजेत.

त्यांच्या सुधारित मोजपट्टीत ४३ विधाने आहेत आणि ती सहा गटांत विभागली आहेत : हात फडफडवणे किंवा डुलणे यांसारख्या साचेबद्ध हालचाली, स्वतःला इजा करणे, एखादी कृती केल्याशिवाय चैन न पडणे, रोजची कामे ठरलेल्या क्रमानेच करणे, बदलाला विरोध, आणि एखाद्याच विषयात किंवा वस्तूत गुंतून राहणे. प्रत्येक विधानाला शून्य ते तीन गुण देतात. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आले, की शाळेने आणि आम्हीही या सगळ्याला 'चाळे' या एकाच शब्दात गुंडाळून ठेवले होते.

माझा प्रश्न असा आहे. अशा वर्गीकरणाचा पालकांना प्रत्यक्ष उपयोग झाला आहे का? कोणत्या प्रकारात हस्तक्षेप करावा आणि कोणता तसाच राहू द्यावा, हे तुम्ही कसे ठरवले?

फळा_आणि_खडू

मी विशेष शिक्षिका आहे, राजारामपुरीत गेली १४ वर्षे काम करते. ताई, तुम्ही प्रश्न योग्य जागी आणून ठेवला आहे.

आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी इसा ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० विधाने आहेत. एकूण गुण ७० पेक्षा कमी असतील तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असा तिचा हिशेब असतो. तिच्यात वर्तनाचा एक विभाग आहे. साचेबद्ध हालचाली, निर्जीव वस्तूंची ओढ, स्वतःला इजा करणे आणि तोच-तोपणाचा आग्रह या गोष्टी त्या विभागात येतात, पण प्रत्येकीच्या वाट्याला एखादेच विधान येते. प्रमाणपत्रासाठी तेवढे पुरेसे आहे, मात्र सोमवारी वर्गात काय करायचे ते त्या आकड्यावरून कळत नाही. बॉडफिश यांची मोजपट्टी त्या सोमवारसाठी उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण देते. माझ्याकडे दोन मुले होती आणि दोघांच्याही पालकांची तक्रार एकच होती, 'फार हट्टी आहे.' एकाला वर्गाचे दार पूर्ण बंद झालेले लागे. ते कुणी किलकिले ठेवले, तर तो मधली सुट्टी झाली तरी उठून दारापाशी जाई. दुसऱ्याला दाराचे काही नव्हते, पण प्रार्थना, हजेरी, गणित हा क्रम बदलला की तो जमिनीवर लोळण घेई. पहिल्याला एक विशिष्ट कृती पूर्ण व्हायला हवी होती, तर दुसऱ्याला पुढे काय होणार हे आधी कळायला हवे होते. दुसऱ्यासाठी आम्ही चित्रांची पट्टी केली, बदल असेल त्या दिवशी सकाळीच चित्रे अदलाबदल करून त्याच्या हातात दिली, आणि दोन महिन्यांत लोळण जवळजवळ थांबली. तीच पट्टी पहिल्याला दिली तेव्हा तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.

जोतिबाचा_डोंगर

मी या विषयातला जाणकार नाही. माझा नातू पाच वर्षांचा आहे आणि तो डुलतो. सुरुवातीला आम्ही दृष्ट काढली, अंगारा लावला, हे प्रामाणिकपणे सांगतो. आता त्याची थेरपी सुरू आहे. एक शंका विचारू का? मी रोज पहाटे माळ ओढतो. एकच नाम १०८ वेळा घेतो आणि त्यानंतरच मन ठिकाणावर येते. नातू डुलतो तेव्हा त्यालाही असेच काही होत असेल काय?

फळा_आणि_खडू

काका, तुमची शंका मला फार जवळची वाटली. पुनरावृत्तीने मन शांत होते हे आपल्या ओळखीचे आहे आणि त्या ओळखीतून तुम्ही नातवाकडे पाहता, हे त्याचे भाग्य आहे. फक्त एक फरक लक्षात असू द्या. माळ कधी घ्यायची आणि कधी खाली ठेवायची हे तुम्ही ठरवता. पुष्कळ मुलांना ते प्रत्येक वेळी ठरवता येत नाही, आणि डुलणे शांत होण्यासाठी आहे की आनंदासाठी की कंटाळ्यापोटी, हेही दर वेळी सारखे नसते.

कुंभारगल्ली

आमच्या घरातला अनुभव सविस्तर लिहितो, कारण सहा गटांपैकी 'बदलाला विरोध' म्हणजे काय हे मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले.

आम्ही शाहूपुरीत राहतो. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला आधीपासून राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे वेड होते. पावसाळ्यात रोज सकाळी वर्तमानपत्रातला आकडा वाचायचा आणि दिवसभर म्हणत राहायचा : 'राजाराम बंधारा, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.' आवाजाची चढउतारही दर वेळी तीच असे. पाहुण्यांना कौतुक वाटे आणि आम्हाला कंटाळा येई. मी त्याला कितीतरी वेळा रागावून गप्प केले आहे.

त्या वर्षी पाणी गल्लीत शिरले आणि रात्री आम्हाला बोटीतून बाहेर काढले. उचगावला माझ्या बहिणीकडे गेलो. तिथे पहिले तीन दिवस मुलगा जेवला नाही, कारण ताट वेगळे होते. झोपला नाही, कारण भिंत उजवीकडे होती आणि आमच्या घरी ती डावीकडे आहे. त्याने आपल्या मनगटाला चावे घेतले, त्याची खूण अजून आहे. माझी आई म्हणाली, 'लेकरानं बंधाऱ्याचं म्हणणं पण सोडलंय रे.' तेव्हा माझ्या लक्षात आले, की ज्या बडबडीला मी दोन वर्षे कंटाळलो होतो, ती बंद पडली होती आणि तिच्या जागी चावणे आले होते.

चौथ्या दिवशी बहिणीने त्याचा पलंग फिरवून भिंत डावीकडे केली आणि तिच्या यजमानांनी रोज सकाळी पातळीचा आकडा एका कागदावर लिहून दाराला लावायला सुरुवात केली. पाणी उतरू लागले तसे आकडे उतरू लागले आणि तो पुन्हा म्हणू लागला. चावणे आठवड्याभराने थांबले. हे सगळे आम्ही अंदाजाने केले. तळ्याकाठची ताईंनी लिहिलेले वर्गीकरण तेव्हा माहीत असते, तर पहिल्याच रात्री पलंग फिरवला असता.

२०२१ च्या पुरात पुन्हा बाहेर पडावे लागले. त्या वेळी आम्ही त्याचे ताट, त्याची चादर आणि आकड्यांचा कागद बरोबर घेऊनच निघालो. त्याला त्रास झाला, पण चावे घेतले नाहीत.

शांत_दुपार

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय ३४, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आरेखनाचे काम करतो. माझे निदान वयाच्या २९ व्या वर्षी झाले. या धाग्यावर सगळ्यांनी फार मनापासून लिहिले आहे, तरीही मला एक मतभेद नोंदवायचा आहे.

बॉडफिश यांच्या मोजपट्टीत शून्य म्हणजे वर्तन आढळत नाही, आणि पुढचे तीन गुण ते वर्तन किती मोठी समस्या आहे यावर दिले जातात. ही समस्या नेमकी कुणाची, हा माझा आक्षेप आहे. फॉर्म भरणारे पालक किंवा शिक्षक असतात. माझ्या खिशात एक जुने नाणे असते आणि त्याची कड मी अंगठ्याने दिवसभर चोळतो. शाळेत असताना मी बाकाची कड अशीच चोळायचो, तेव्हा शिक्षकांनी मला हाताची घडी घालून बसवले होते. घडी घातल्यावर मी त्यांचे बोलणे ऐकणे बंद केले, कारण माझे सगळे लक्ष घडी न सोडण्याकडे लागले. त्यांच्या नोंदीत माझी समस्या सुटली होती.

स्टीव्हन कॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून या हालचालींविषयी, म्हणजे स्टिमिंगविषयी, एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील लोकांनी सांगितले, की या हालचालींमुळे त्यांना आवाज, गर्दी आणि अनावर भावना पेलता येतात. आपल्याला त्या थांबवायला लावणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. मी तो वाचला तेव्हा प्रथमच माझ्याविषयी माझ्या बाजूने लिहिलेले काही वाचतो आहे असे वाटले. त्यामुळे ताईंच्या 'कोणता प्रकार तसाच राहू द्यावा' या प्रश्नातच मला थोडी दुरुस्ती सुचवायची आहे. राहू देणे हे गृहीत धरावे आणि थांबवण्यासाठी कारण मागावे.

वर्तनवाट

मी वर्तनोपचार करतो. शांत_दुपार यांनी लिहिलेल्या अनुभवाबद्दल मला आदर आहे आणि हाताची घडी घालायला लावणे चूक होते याविषयी दुमत नाही. परंतु दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

१९७१ साली वर्तनोपचाराचे एक आद्य संशोधक इवार लोव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मुले अशा हालचालींत गुंतलेली असताना आवाजाला प्रतिसाद द्यायला अधिक वेळ लावतात. म्हणजे त्या वेळात शिकणे अवघड होते. मी रोज अशी मुले पाहतो, जी दिवसाचे चार-पाच तास एकाच वस्तूसमोर असतात आणि त्यांना भूक लागल्याचेही कळत नाही. त्यांच्या पालकांना 'राहू द्या' एवढेच सांगणे हा माझ्या मते त्या मुलांवर अन्याय आहे. आणि स्वतःचे डोके भिंतीवर आपटणारे मूल समोर असेल, तेव्हा थांबवण्याचे कारण शोधत बसायला वेळ नसतो.

शांत_दुपार

डोके आपटण्याबाबत मी पूर्ण सहमत आहे, तो गट वेगळाच आहे आणि तो वेगळा काढला हे बॉडफिश यांचे मोठे काम आहे. लोव्हास यांच्याविषयी मात्र हेही लिहिले पाहिजे, की त्या काळात त्यांनी मुलांना मारण्याचा आणि विजेचा झटका देण्याचाही वापर केला होता. प्रतिसादाला उशीर होतो हे निरीक्षण खरे असू शकते. मी नाणे चोळतो तेव्हाही कधीकधी हाक ऐकू येत नाही. पण मी नाणे चोळतो म्हणून हाक ऐकू येत नाही, की आजूबाजूचे आवाज इतके झाले आहेत की मी हाकेपासून दूर जाण्यासाठी नाणे चोळतो, हे त्या निरीक्षणातून कळत नाही.

वर्तनवाट

हा मुद्दा मान्य आहे. लोव्हास यांच्या शिक्षांचे समर्थन मी करत नाही आणि आज तसे करणाऱ्याला मी या व्यवसायात राहू देणार नाही. कारण आणि परिणाम यांची दिशा आधी तपासावी लागते, म्हणूनच आम्ही वर्तनाच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले याची नोंद ठेवायला सांगतो. ही नोंद पुष्कळ ठिकाणी वेळेअभावी ठेवली जात नाही, हे आमच्या क्षेत्राचे उणे आहे.

बालवैद्य_सांगलीवाडी

डॉक्टर या नात्याने दोन गोष्टी लिहितो, कारण माझ्याकडे येणारे पालक 'हे चाळे थांबवायचे औषध द्या' असे स्पष्ट मागतात.

या वर्तनाचे साम्य मंत्रचळाशी, म्हणजे ओसीडीशी, दिसते म्हणून तिथे उपयोगी पडणारी औषधे इथेही चालतील असा पूर्वी समज होता. सिटालोप्रॅम या औषधाची चाचणी अमेरिकेत १४९ मुलांवर झाली आणि २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५ ते १७ वर्षांच्या या मुलांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना बरे वाटले. म्हणजे औषधाचा लाभ दिसला नाही, उलट चंचलता आणि झोपमोड यांसारखे दुष्परिणाम औषधाच्या गटात अधिक होते. रिस्पेरिडोनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली जी मान्यता दिली, ती ऑटिझममधील चिडचिड आणि आक्रमकतेसाठी होती, हात फडफडवण्यासाठी नव्हे. त्यामुळे झाकण फिरवणाऱ्या मुलाला केवळ त्या कारणासाठी औषध देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट. एखादी हालचाल अचानक सुरू झाली किंवा वाढली, विशेषतः मूल डोके किंवा गाल मारून घेऊ लागले, तर आधी कान, दात आणि पोट तपासून घ्यावे. न बोलणाऱ्या एका मुलीला तिच्या घरचे वर्तनासाठी घेऊन आले होते आणि तिची दाढ किडलेली निघाली. हालचालीच्या वेळी मूल हाकेला किंवा स्पर्शाला अजिबात प्रतिसाद देत नसेल, तर आकडीची शंका मनात ठेवून व्हिडिओ काढावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

पहिलटकरीण

हा धागा वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. ती खुर्चीत बसून पाय आपटते, हात वर-खाली करते आणि वाटी जमिनीवर पुन्हा पुन्हा आपटते. हे तेच आहे का?

फळा_आणि_खडू

ताई, केवळ एवढ्यावरून घाबरू नका. एस्थर थेलन यांनी २० निरोगी बाळांचे त्यांच्या पहिल्या वर्षभर निरीक्षण केले आणि १९७९ साली लिहिले, की लाथा मारणे, डुलणे, हात हलवणे, आपटणे अशा ४७ प्रकारच्या लयबद्ध हालचाली त्यांच्यात दिसल्या. नवीन हालचालीवर ताबा येण्याच्या सुमारास अशा पुनरावृत्ती वाढतात. पुढे दोन ते चार वर्षांच्या वयात 'हीच वाटी हवी', 'हीच गोष्ट पुन्हा सांग' हा आग्रहही बहुतेक मुलांत असतो. तुम्ही हे पाहा : हाक मारल्यावर ती वळून बघते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, पाखरू दिसले की ते तुम्हालाही दिसावे म्हणून तुमच्याकडे पाहते का. यांपैकी काही खटकले तर बालविकासतज्ज्ञांना भेटा, आणि नाही खटकले तर वाटी आपटू द्या.

विद्यानगरी

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आहे. मूळ धाग्यात मार्क लुईस यांचा उल्लेख आला आहे, म्हणून त्यांच्या कामाविषयी लिहितो.

लुईस यांनी फ्लोरिडा विद्यापीठात हरीण-उंदीर या जातीच्या प्राण्यांवर दीर्घकाळ काम केले. हे उंदीर साध्या पिंजऱ्यात ठेवले की त्यांतले पुष्कळसे तासन् तास एकाच जागी उड्या मारतात किंवा मागच्या मागे कोलांट्या घेतात. पण पिंजरा मोठा असला, त्यात चढायला, लपायला, शोधायला काही असले, तर हे वर्तन कमी होते. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो. हालचाल सुरू करण्यात आणि ती आवरण्यात त्याचा वाटा असतो. त्यात साधारणपणे दोन मार्ग मानले जातात, एक हालचालीला वाट देणारा आणि दुसरा, अप्रत्यक्ष मार्ग, तिला आवर घालणारा. जास्त कोलांट्या घेणाऱ्या उंदरांत हा आवर घालणारा मार्ग कमी सक्रिय असल्याचे या गटाला आढळले.

उंदरांवरून माणसाच्या मुलांविषयी थेट काही ठरवता येत नाही, याची मला जाणीव आहे. पण हे वाचल्यापासून मला 'सवय मोडा' हा शेरा आणखी अपुरा वाटू लागला, कारण लुईस यांनी उंदराला आवरले नव्हते, त्याचा पिंजरा बदलला होता.

कुंभारगल्ली

विद्यानगरी, तुमचे शेवटचे वाक्य मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, 'म्हणजे पलंग फिरवला तसंच की.'

वर्तनवाट

पिंजरा बदलणे याचा अर्थ खोलीत २० खेळणी ओतणे असा मात्र पालकांनी घेऊ नये. ऑटिस्टिक मुलाला तो गोंधळ वाटू शकतो. बॉडफिश यांच्या गटाने आणखी एक अभ्यास केला होता. मुलांसमोर अनेक चित्रांचे फलक ठेवून त्यांची नजर कुठे फिरते ते मोजले. ऑटिस्टिक मुलांनी कमी चित्रे पाहिली, पण जी पाहिली ती अधिक वेळ आणि बारकाईने पाहिली, आणि आगगाड्या, वाहने, यंत्रे अशा वस्तूंवर त्यांची नजर विशेष खिळली. माझ्याकडे केएमटीच्या बसचे सगळे मार्ग पाठ असलेला एक मुलगा आहे. त्याला बेरीज शिकवायला आम्ही तिकिटाचे पैसे वापरले. आवड तोडण्याऐवजी तिच्यातून वाट काढली, आणि शांत_दुपार यांना हे पटेल असे वाटते.

शांत_दुपार

पटले. फक्त एक विनंती करतो. त्याच्या बसवर कधीतरी काहीही न शिकवता त्याच्याबरोबर नुसते बोला. माझ्या लहानपणी माझी प्रत्येक आवड कुणीतरी अभ्यासाला जुंपली आणि त्यांतल्या दोन मी कायमच्या सोडल्या.

वर्तनवाट

उद्या शनिवार आहे, तो येतो. बोलतो.

तळ्याकाठची

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. १२ दिवसांनी परत लिहिते आहे, कारण वर्तनवाट यांनी सांगितलेली नोंद आधी ठेवायची असे ठरवले होते. रोज एका वहीत तीन रकाने केले : आधी काय झाले, त्याने काय केले, नंतर काय झाले. माझ्या सासूबाईंनीही दुपारच्या नोंदी लिहिल्या आणि त्यांचे निरीक्षण माझ्यापेक्षा बारीक निघाले.

हात फडफडवणे जवळजवळ प्रत्येक वेळी आनंदाच्या क्षणी आले : बाबा दारात आले, कुकरची तिसरी शिट्टी झाली, रंकाळ्यावर बदके दिसली. झाकण मात्र आनंदात एकदाही निघाले नाही. संध्याकाळी पावणेसहा ते सव्वासहाच्या दरम्यान ते नऊ वेळा निघाले. त्या वेळी आमच्या इमारतीची पाण्याची मोटर सुरू असते. मला तिचा आवाज ऐकूही येत नव्हता, इतकी त्याची सवय झाली होती. एका रविवारी मोटर दुपारी लावली गेली, तर झाकणही दुपारीच निघाले. ही नोंद सासूबाईंची आहे आणि त्यांनी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

म्हणजे ज्या दोन गोष्टी शेऱ्यात एका ओळीत लिहिल्या होत्या, त्यांची कारणे एकमेकांपासून इतकी दूर होती. मोजपट्टीत मात्र त्या दोन्ही पहिल्याच गटात बसतात, कारण वस्तू फिरवणे हेही साचेबद्ध हालचालींतच मोजले जाते. तेव्हा शांत_दुपार यांचा आक्षेप मला आता अधिक नीट समजतो. गट कळल्याने 'चाळे' हा शब्द सुटला, पण एकाच गटातही कारण वेगळे असू शकते आणि ते वहीतच सापडले.

ही वही घेऊन मी शाळेत बाईंना भेटले. त्या अर्धा तास बसल्या. शाळेत झाकण कधी निघते हे त्यांनी दोन दिवस पाहिले, तर शेजारच्या वर्गात कवायतीचे गाणे ध्वनिक्षेपकावर लागते तेव्हा. त्यांनी त्याची जागा त्या भिंतीपासून उठवून खिडकीजवळ केली आहे. झाकणाचा आवाज इतर मुलांना त्रास देतो ही त्यांची अडचण खरी आहे, म्हणून त्याच्या बाकावर जाड कापडाचा एक चौकोन ठेवला. कापडावर झाकण नीट फिरत नाही हे त्याला आवडलेले नाही आणि त्यावर अजून मार्ग सापडलेला नाही.

शांत_दुपार

ताई, रबरी चटईचा तुकडा ठेवून पाहा, वर गुळगुळीत आणि खाली मऊ अशी. आमच्या कारखान्यात यंत्राखाली घालतात तशी. झाकण फिरेल आणि आवाज निम्मा होईल. मापे कळवा, मी कापून देतो.

तळ्याकाठची

बाक ४५ सेंटिमीटर खोल आहे. झाकणाचा व्यास त्याने स्वतः मोजून दिला : १४ सेंटिमीटर.